एमआरआयची फाईल आणि पायाचा अंगठा

माझं मणक्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालंय हे गल्लीत पसरल्यापासून लोक मला भेटतात ते एमआरआयची ती मोठी पिशवी काखेत घेऊनच. फिल्म उजेडाला धरतात आणि विचारतात, बघा की ओ मास्तर, लई दबलंय का. आता मी कापड कापणारा माणूस, मला फिल्ममधलं काय कळणार, पण या सगळ्या भानगडीतून गेल्यावर एवढं कळलंय की नुसता तो फोटो बघून कोणालाच ते सांगता येत नाही, अगदी मोठ्या सर्जनलासुद्धा नाही. ज्यांनी माझं ऑपरेशन केलं त्यांनी फिल्म हातात घ्यायच्या आधी माझा पाय हातात घेतला होता. म्हणून म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहून टाकावं.

मी युनिफॉर्मच्या धंद्यात कटिंग मास्तर आहे. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि टॉवेल एवढंच आठवतं, पण शाळेच्या युनिफॉर्मचं कामही इथं मोठं आहे आणि त्याचा सीझन म्हणजे मार्च ते जून, ऐन उन्हाळा, बाहेर ४२-४३ डिग्री आणि आत पत्र्याखाली आम्ही. कापडाचे थर एकावर एक लावायचे, वर खडूने आखायचं आणि टेबलावर वाकून मशीन फिरवायची, दिवसभर हेच. मध्ये मध्ये तागे उचलायचे. वय चव्वेचाळीस, तब्येत धडधाकट, कंबरेला पट्टा वगैरे कधी लावला नाही.

मार्चमध्ये एक तागा खालून उचलताना कंबरेत लचकलं. उसण भरली म्हणून सोडून दिलं, शेकलं, मलम चोळलं, शेजारच्या मावशींनी त्यांचा पायाळू नातू आणला आणि त्याच्याकडून कंबरेवर हलक्या लाथापण मारून घेतल्या (पोरगं लाजत होतं, मी हसत होतो). आठवड्याभरात कंबर मोकळी झाली. आणि मग पाय सुरू झाला. डाव्या ढुंगणापासून मांडीच्या बाहेरच्या बाजूने, पोटरीच्या कडेने, पार पावलाच्या वरपर्यंत अशी कळ, शिंक आली तरी करंट मारल्यासारखी खाली जायची. उभं राहिलं तर सहन व्हायचं पण बसलं की संपलं. गाडीवर तर विचारूच नका, अशोक चौकापर्यंत जायचं म्हटलं तरी प्रत्येक खड्डा पायात मोजून यायचा. जेवण ओट्यापाशी उभ्याने करायला लागलो. कंबर दुखत नाही ना मग मणक्याचं नसेल असं घरातले म्हणायचे, मलाही तसंच वाटायचं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मणक्याच्या दोन हाडांमधल्या गादीचा तुकडा बाहेर येऊन नसेवर बसला की बऱ्याच जणांचं असंच होतं, कंबर गप्प होते आणि पाय बोलायला लागतो.

फॅमिली डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. त्यात काही नाही म्हणाले. एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही, हाडं दिसतात, दोन हाडांमधली जागा कमी झाली का तेवढं कळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं त्यामुळे मला वाटलं चला, सुटलो. गोळ्या दिल्या, दुखण्याच्या, नसेच्या, त्यातली एक प्रीगॅबलिन होती तिनं नुसतं गरगरायचं आणि झोप यायची, कटिंग मशीनवर उभ्या माणसाला ही गोळी म्हणजे भीतीच. दुपारची बंद केली, रात्रीची ठेवली. थोडं कमी-जास्त होत राहिलं. असंच बरेच आठवडे गेले, सीझन होता, घरी बसायची सोय नव्हती.

मग चप्पल निसटायला लागली. म्हणजे चालता चालता डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि मला कळायचंच नाही, मागून कोणीतरी ओरडायचं. बायको म्हणाली हे काहीतरी वेगळंय, आता एमआरआय करा.

एमआरआयच्या ठिकाणी ही गर्दी. आमच्याकडे विजापूर, इंडी, कलबुर्गी, तुळजापूर, पार धाराशिवकडचे पेशंट येतात, बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही चालू असतं आणि काउंटरवरचा पोरगा तिघांनाही त्यांच्या भाषेत झापतो. आत जाताना अंगावरचं सगळं काढायला लावतात, करदोडासुद्धा. माझ्या आधी अक्कलकोटकडचे एक आजोबा होते, गळ्यातलं इष्टलिंग काढायला तयार होईनात, जन्मात काढलं नाही म्हणाले. टेक्निशियननं अजिबात घाई केली नाही, कन्नडमध्ये समजावलं की आत मोठं चुंबक आहे, आणि मग नातवानं हात धुऊन, स्वच्छ पंचा ओंजळीत धरून ते त्यात घेतलं आणि आजोबा बाहेर येईपर्यंत तसाच दाराशी उभा राहिला. मला ते फार आवडलं.

मशीनमध्ये दुखत काही नाही. पाठीवर सरळ झोपून राहायचं, हलायचं नाही, कानात बोळे घालून पण ठकठक ठकठक चालू असतं, लूमच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. त्रास एवढाच की पाय सरळ करून तेवढा वेळ झोपणं हीच माझी शिक्षा होती. गुडघ्याखाली उशी दिली म्हणून निभावलं.

रिपोर्ट आला दोन पानांचा. आणि खरी बोंब तिथून झाली. एल३-एल४ ला बल्ज, म्हणजे गादीला फुगवटा (एल म्हणजे कंबरेचे मणके, एस त्यांच्या खालचे). एल४-एल५ ला डावीकडे एक्स्ट्रूजन, म्हणजे गादीचा तुकडा बाहेर पडून खाली सरकलेला, नर्व्ह रूट म्हणजे नसेचं मूळ दबलेलं. एल५-एस१ ला डेसिकेशन, म्हणजे गादी वाळलेली, आणि परत बल्ज. एल२ मध्ये हिमँजिओमा. हा शेवटचा शब्द मुलानं मोबाईलवर टाकला आणि पहिल्याच ओळीत ट्यूमर आलं, घरात त्या रात्री कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरवर जाऊन विचारलं तर तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या अहो मणक्यातलं हिमँजिओमा साधारण दहातल्या एका माणसात सापडतं, रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, कॅन्सर नाही, बहुतेकांना जन्मभर पत्तापण लागत नाही, दिसलं म्हणून लिहावं लागतं. दिसलं म्हणून लिहावं लागतं, हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही पण सगळ्या प्रकरणाची मेख तीच होती.

पहिल्या ज्या सर्जनकडे गेलो ते कोण, कुठले, ते लिहीत नाही. त्यांनी फिल्म उजेडावर लावली, पेनानं तीन ठिकाणी टोचून दाखवलं आणि म्हणाले तीन लेव्हल खराब आहेत, नुसता तुकडा काढून भागणार नाही, स्क्रू आणि रॉड टाकून तिन्ही फिक्स करून घ्या म्हणजे परत बघायला नको. खर्चाचा आकडा ऐकून बायको खुर्चीत मागे टेकली. मला पँट वर करायला सांगितलं नाही, पायाला हात लावला नाही, चालून दाखवा म्हणाले नाहीत. मेहुणा पुण्याला असतो, तो फोनवर म्हणायला लागला तिथं काय करायलायस, वंदे भारतनं बस आणि इकडं ये. बस म्हणे. बसता येत असतं तर रडायचं काय होतं.

दुसरं मत आमच्या एका व्यापाऱ्यानं सुचवलं, सोलापुरातलंच, हे डॉक्टर दुर्बिणीतून करतात म्हणाला. तिथं गेलो. पिशवी पुढं केली तर म्हणाले ठेवा बाजूला, आधी चाला. टाचेवर चाला. डावा पंजा वर राहीना, खाली आपटायचा. मग झोपवलं, पाय सरळ ठेवून वर उचलला, उजवा बराच वर गेला, डावा थोडा उचलताच मी ओरडलो. पायाच्या वरच्या भागावर टाचणी टोचून विचारलं दोन्हीकडं सारखं लागतंय का. आणि मग दोन्ही अंगठे. "मास्तर, अंगठा तोंडाकडं ओढून धरा, मी दाबतो, सोडायचा नाही." उजवा त्यांना दाबता येईना. डावा त्यांनी एका बोटानं खाली केला. मी बघतच राहिलो, माझाच पाय आणि मला माहीत नाही.

मग म्हणाले आता फिल्म द्या, मला एल४-एल५ ला डावीकडं काहीतरी दिसलं पाहिजे. आणि तेच होतं. अंगठा वर ओढणारी नस एल५ ची, पोटरीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग तिच्याच ताब्यात, आणि एल४-एल५ च्या गादीचा तुकडा बहुतेक वेळा तिच्यावरच बसतो. फिल्ममध्ये त्यांनी दाखवलं, पाणी पांढरं दिसतं अशा त्या फोटोत चांगली गादी मधोमध पांढरट असते, वाळलेली काळी. माझ्या खालच्या दोन काळ्या होत्या. एकीतून मागच्या बाजूला काळा फुगवटा निघून खाली ओघळला होता आणि आडव्या कापातल्या फोटोत डावी नस त्याच्याखाली दिसतच नव्हती. मी म्हटलं म्हणजे गादीची शिवण उसवून कापूस बाहेर आला. म्हणाले बरोबर, मास्तर तुम्हाला जास्त सांगावं लागणार नाही.

आणि बाकीचे दोन बल्ज? तर म्हणाले ते असू द्यात. काही न दुखणारी ९८ माणसं घेऊन अमेरिकेत एमआरआय केले होते, १९९४ मध्ये छापून आलंय, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना कुठं ना कुठं बल्ज निघाला आणि पाव लोकांना तर त्याच्याही पुढचं प्रोट्रूजन, म्हणजे गादी आणखी बाहेर. दुखत काहीच नव्हतं. पण एक्स्ट्रूजन, म्हणजे माझं होतं तसं, फक्त १ टक्क्यात. तुमच्या वयाला गादी काळी होणं आणि केस पांढरे होणं यात मी फार फरक करत नाही म्हणाले. वाकून आणि मागं झुकून असे दोन एक्स-रे परत काढायला लावले, मणका मणक्यावरून सरकतोय का ते बघायला, कारण एमआरआय झोपवून काढतात त्यात सरकणं लपू शकतं. सरकत नव्हता. मग स्क्रू कशासाठी, हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला.

मला वाटलं आता लगेच ऑपरेशनची तारीख देतील, पण तसं नाही. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. सायटिका, म्हणजे हे नसेचं पायातलं दुखणं, बहुतेकांचा सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरतो. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतः खाऊन टाकतं, आणि गंमत म्हणजे जेवढा मोठा आणि तुटलेला तेवढा विरघळायची शक्यता जास्त, साधा बल्ज मात्र तसाच पडून राहतो. हॉलंडमध्ये २८३ पेशंटवर अभ्यास झालाय, २००७ चा, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर सुटला पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडं ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मध्येच दुखणं सहन न होऊन ऑपरेशन करावं लागलं. मी म्हटलं मग मी थांबू का. म्हणाले नुसतं दुखत असतं तर म्हणालो असतो थांबा, नसेपाशी एक इंजेक्शन घेऊन बघा. पण बरेच आठवडे थांबून झालेत, आणि अंगठ्याची ताकद जायला लागलीय, ती जेवढी जास्त दिवस जाईल तेवढी परत यायला कुरकुर करते. म्हणजे ऑपरेशन ठरलं ते अंगठ्यावरून. फिल्मनं फक्त जागा दाखवली.

एक गोष्ट मात्र त्यांनी आम्हा दोघांकडून पाठ करून घेतली. लघवी अडकली, किंवा होतेय हेच कळेना, संडासच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, दोन्ही पाय एकदम गळाले, तर तारखेची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी दवाखाना गाठायचा. आम्ही बसलो असतानाच अशी एक बाई आली होती, शेतात काम करणारी, लघवी आदल्या दिवसापासून बंद, लाजून कोणाला सांगितलं नव्हतं. तिला रांगेतून उचलून थेट आत नेलं. बायकांनो लाजू नका एवढंच इथं लिहितो.

गॅरंटी किती, हे मी विचारलंच, धंदेवाला माणूस आहे. म्हणाले पायाची कळ जाईल, १०० मधल्या ८०-९० जणांची छान जाते. कंबरदुखीची गॅरंटी मी देत नाही, ते ऑपरेशन त्यासाठी नसतंच. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी जातही नाही. आणि त्याच जागेवरून परत तुकडा येणं हे १०० मधल्या ५ ते १५ जणांना होतं, दुर्बीण असो की उघडं. मग दुर्बिणीचा फायदा काय? भोक ८ मिलिमीटरचं, स्नायू कापायचे नाहीत नुसते बाजूला सारायचे, हाड फारसं काढायचं नाही, भूल फक्त त्या जागेपुरती. २०२२ मध्ये हॉलंडचाच ६१३ पेशंटचा अभ्यास आला, दुर्बिणीचं ऑपरेशन उघड्यापेक्षा कमी पडत नाही असा. पण पुढं हेही म्हणाले की हात बसलेला असला पाहिजे, शिकाऊ हातात तुकडा मागं राहू शकतो, शेजारची नस दुखावली तर पायात आग आग होते काही आठवडे, आणि आत गेल्यावर नाही जमलं तर उघडावं लागेल, तशी सही द्या. जो डॉक्टर न विचारता वाईट बाजू सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो, व्यापारातपण मी हेच बघतो. पुण्याला गेलो नाही. मेहुणा आठ दिवस रुसला.

ऑपरेशनच्या दिवशी पालथं झोपवलं, पोट मोकळं राहील अशा गाद्यांवर. पाठीवर मार्करनं रेघा मारल्या, मनात आलं आज आपल्यावर आखणी चाललीय. सी-आर्म म्हणून एक कमानीसारखं मशीन असतं, ते दर थोड्या वेळानं एक्स-रे दाखवतं आणि आतले सगळे शिशाचे जड एप्रन घालून उभे. सुई मधोमध नाही, बाजूनं, कंबरेच्या कडेकडून तिरकी आत नेली, मणक्यातून नस बाहेर पडायला नैसर्गिक खिडकी असते तिच्यातून. बधिर केलं होतं पण गुंगी हलकी ठेवली होती, मुद्दाम, कारण पेशंटच त्यांचा अलार्म. "मास्तर बोलत राहा, पायात करंट आला की लगेच सांगायचं." मी सांगत राहिलो. नळी आत सरकवताना एकदा अशी कळ आली की मी सिद्धेश्वराचं नाव घेतलं, त्यांनी लगेच हात थांबवला, थोडी दिशा बदलली, गेली. गादीत निळा रंग सोडतात, खराब झालेला भाग निळा पडतो आणि नस पांढरी राहते, म्हणजे काय ओढायचं आणि काय सोडायचं ते डोळ्याला कळतं. सलाईनचं पाणी सतत आत-बाहेर चालू, कुशीवरून गार ओघळ येत होता. चिमट्यानं थोडं थोडं काढत होते, आणि मग एकदा काहीतरी लांबलचक ओढल्यासारखं झालं आणि डावा पाय हलका झाला. तिथंच, टेबलावर. मी म्हटलं डॉक्टर, गेलं. ते म्हणाले दिसतंय मला, आणि मान वळवून स्क्रीन दाखवली, पांढरी नस, तिच्यावर बारीक लाल रेघा, आणि ती पाण्यात हलत होती. ठोका पडल्यासारखी. म्हणाले अशी मोकळी हलली की आमचं काम झालं.

बाटलीत तुकडे दिले, निळसर, सगळे मिळून करंगळीच्या पेराएवढेसुद्धा नसतील. एवढ्यानं मी उन्हाळा उभ्यानं काढला. मी विचारलं आता गादी जागेवर बसली ना. नाही म्हणाले, गादी जागेवर बसवणं असा प्रकार नसतो, भिंतीवरच्या जाहिरातीत काही लिहू द्यात, आपण फक्त बाहेर आलेला तुकडा काढला, उरलेली गादी आहे तशीच, आणि जिथून तो आला ते भोक भरून यायला वेळ लागतो, तोवर वाकणं बंद.

संध्याकाळी चालवलं. दुसऱ्या दिवशी घरी. टाका एक.

घरी आल्यावरचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. खाली बसायचा संडास असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि आलं की बादल्या, टाकी, पिंप भरायची सगळी धावपळ, त्यात घरातला गडी भिंतीला टेकून नुसता बघत उभा राहतो हे बघवत नाही, पण उचलायचं नाही म्हणजे नाही. बसायचं थोडंच, मग उठून चालायचं. भेटायला येणारे शेंगाचटणी-कडक भाकरी घेऊन यायचे आणि सल्ले. कोणी म्हणालं आता जन्मभर पट्टा, कोणी म्हणालं मणक्याला हात लावला की माणूस अधू होतो, आमच्या अमक्याचं झालं. मी अंगठा हलवून दाखवायचो.

आणि काही आठवड्यांनी पाय परत दुखायला लागला. पहिल्याएवढा नाही, पण त्याच वाटेनं, त्याच पोटरीत. मी गार. मेहुणा पुण्याहून आला होता, तो म्हणाला आता तरी ऐक, परत एमआरआय कर. सर्जन त्या आठवड्यात बाहेरगावी होते, त्यामुळे मेहुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केला. रिपोर्ट: एल४-एल५ ला डावीकडं रेसिड्युअल किंवा रिकरंट (मागं राहिलेलं किंवा परत आलेलं) प्रोट्रूजन, नर्व्ह रूटला अजून स्पर्श. घरात परत तीच अवकळा. पैसे गेले, भोक पडलं, तुकडा आतच, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

सर्जन परत आले तेव्हा पिशवी घेऊन गेलो तर तेच, ठेवा बाजूला, टाचेवर चाला. चाललो, पंजा आधीपेक्षा वर. पाय उचलला, बराच वर गेला. अंगठा दाबला, आता त्यांना सगळा हात लावावा लागला. म्हणाले ही नस सुधारतेय, दबत चाललेली नस अशी वागत नाही. मग फिल्म बघितली. ऑपरेशननंतर इतक्या लवकर काढलेल्या एमआरआयमध्ये त्या जागी सूज, रक्त, भरून येणारं मांस सगळं तुकड्यासारखंच दिसतं. शंका असेल तर शिरेतून गॅडोलिनियमचा डाय देऊन काढतात, भरणारं मांस उजळतं आणि गादीचा तुकडा बहुतेक काळाच राहतो, तसा फरक कळतो. पण तुम्हाला त्याचीही गरज वाटत नाही, इतके दिवस दाबलेली नस मोकळी झाली की मध्येच चिडते, गोळ्या घ्या, थोडं थांबा.

मी म्हटलं पण रिपोर्टमध्ये तर आहे. तेव्हा त्यांनी मला अजून एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला आमचा आख्खा महिनाच वाया गेल्यासारखा वाटला. त्याच हॉलंडच्या पेशंटांचे एक वर्षानं परत एमआरआय केले होते, २०१३ मध्ये छापून आलं. जे बरे झाले त्यांच्यातल्या ३५ टक्के लोकांच्या फोटोत गादी अजून बाहेरच दिसत होती. आणि जे बरे झाले नाहीत त्यांच्यात? ३३ टक्के. म्हणजे वर्षानंतरचा फोटो हातात दिला तर हा माणूस बरा आहे की रडतोय ते त्यावरून ओळखता येत नाही. मी मेहुण्याकडं बघितलं. तो फिल्म पिशवीत घालत होता, एरवी भरपूर बोलतो.

दोन-तीन आठवड्यांत ते दुखणं उतरलं, परत आलं नाही. तिसरा एमआरआय कोणी काढायला सांगितला नाही आणि मी काढला नाही. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी पोटाचे आणि पाठीचे व्यायाम शिकवले, सुरुवातीला कंटाळा यायचा पण ताई तेलुगूमिश्रित मराठीत असं ओरडायच्या की चुकवायची हिंमत नव्हती. दिवाळीपर्यंत अंगठा उजव्याच्या जवळपास आला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरांना घेऊन भरपूर फिरलो, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चाललो, पोटरी थोडी जड झाली पण तेवढंच.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. पावलाच्या वर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये, अजून बधिर आहे, मुंगी चढली तर कळत नाही. डॉक्टर म्हणाले अजून सुधारेल किंवा एवढंच राहील. कंबर थंडीत आणि जास्त वेळ उभं राहिलं की भरते. एल३-एल४ आणि एल५-एस१ चे बल्ज असणारच तिथं, आणि ते हिमँजिओमा पण, मी कधी चौकशी केली नाही. कामात एवढा बदल केला की कटिंगच्या टेबलाखाली विटांचे थर लावून ते वीतभर उंच करून घेतलं, म्हणजे वाकायला लागत नाही, आणि तागे उचलायला आता दोन पोरं ठेवलीत, दोघांनाही मांडीच्या ताकदीवर उचला, कंबरेवर नको असं रोज सांगतो आणि ती रोज कंबरेवरच उचलतात.